धातूंचा पत्ता: आवर्तसारणीत कोणता धातू कुठे बसतो आणि का, हे स्वतः तक्ता भरून समजून घ्या

शाळेत पहिली वीस मूलद्रव्यं पाठ करून घेतात. त्या विसांत धातू सातच: लिथिअम, बेरिलिअम, सोडिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, पोटॅशिअम आणि कॅल्शिअम. लोखंड, तांबं, जस्त, चांदी, कथील, सोनं, पारा, शिसं यांतलं एकही त्या यादीत नाही. घरात आणि कारखान्यात रोज लागणारे बहुतेक धातू असे पाठांतराच्या बाहेरच राहतात. खरं तर ११८ मूलद्रव्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक धातूच आहेत. पण म्हणून उरलेली शंभर नावंही घोकावीत, असं मी मुळीच सुचवणार नाही. धातूची जागा त्याच्या अणूतले इलेक्ट्रॉन कसे बसले आहेत यावरून ठरते, आणि एकदा जागा कळली की त्याच्या स्वभावाचा बराचसा अंदाज बांधता येतो. हे पटायला कोरा तक्ता स्वतः भरून बघण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

एक मोठा चौकटींचा कागद, पेन्सिल, खोडरबर, चार-पाच रंगीत पेन्सिली आणि अणुअंकांसह मूलद्रव्यांची यादी एवढं जवळ घ्या. आठवीच्या पुढच्या मुलांना हे जमतं, आणि पालकांनी सोबत बसायला हरकत नाही.

पायरी १: रिकामा सांगाडा काढा

आडव्या सात ओळी आणि उभे अठरा रकाने आखा. आडव्या ओळींना आवर्त म्हणतात, उभ्या रकान्यांना गण. रकान्यांना डावीकडून १ ते १८ आकडे द्या. पहिल्या ओळीत फक्त पहिलं आणि अठरावं घर ठेवा, बाकीची पुसून टाका. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत १, २ आणि १३ ते १८ ही घरं ठेवा, मधली दहा पुसा. चौथ्या ओळीपासून खाली सगळी अठरा घरं राहू द्या. मग मुख्य तक्त्याखाली थोडी जागा सोडून चौदा-चौदा घरांच्या दोन पट्ट्या काढा. घरं मोजा: वर ९०, खाली २८, मिळून ११८.

हा वेडावाकडा आकार कुणाच्या मर्जीने आलेला नाही. अणूच्या कवचांत इलेक्ट्रॉनांसाठी उपकवचं असतात आणि त्यांची क्षमता ठरलेली असते: एस उपकवचात २, पीमध्ये ६, डीमध्ये १० आणि एफमध्ये १४. आता कागद बघा. डावीकडे दोन रकाने, उजवीकडे सहा, मध्ये दहा, खालच्या पट्ट्यांत चौदा. तक्त्याच्या चार भागांना एस-खंड, पी-खंड, डी-खंड आणि एफ-खंड म्हणतात ते याचमुळे.

तुमच्या पुस्तकात खालच्या पट्ट्या पंधरा घरांच्या असतील आणि तिसऱ्या गणातली शेवटची दोन घरं '५७ ते ७१' आणि '८९ ते १०३' अशी राखलेली असतील. दोन्ही मांडण्या प्रचलित आहेत. तिसऱ्या गणात यट्रिअमच्या खाली लॅन्थनम असावं की ल्युटेशिअम, यावर रसायनशास्त्रज्ञांमध्ये बराच काळ चर्चा चालू आहे. इथे आपण ल्युटेशिअम ७१ वर, म्हणजे तिसऱ्या गणात धरू. त्यामुळे हिशोब सोपा होतो.

पायरी २: अणुअंकावरून पत्ता काढा

ही रीत मला सगळ्यांत उपयोगाची वाटते, म्हणून इथे सावकाश जाऊ. अठराव्या गणातल्या राजवायूंचे अणुअंक लिहून घ्या: हेलिअम २, निऑन १०, अरगॉन १८, क्रिप्टॉन ३६, झेनॉन ५४, रेडॉन ८६. पाठ करायचे ते एवढेच सहा आकडे.

दिलेल्या अणुअंकातून त्याच्या लगेच आधीच्या राजवायूचा अणुअंक वजा करा. तो राजवायू ज्या ओळीच्या शेवटी आहे त्याच्या पुढची ओळ हा आपला आवर्त. उरलेला आकडा गण सांगतो, फक्त रिकाम्या जागांचा हिशोब ठेवावा लागतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आवर्तात बाकी १ किंवा २ असेल तर तोच गण; जास्त असेल तर १० मिळवा. ॲल्युमिनिअम १३: तेरातून दहा गेले, उरले ३, अधिक १०, गण १३.

चौथ्या आणि पाचव्या आवर्तात बाकी हाच गण. लोखंड २६ वजा १८, गण ८. जस्त ३० वजा १८, गण १२. चांदी ४७ वजा ३६, गण ११. कथील ५० वजा ३६, गण १४.

सहाव्या आणि सातव्या आवर्तात बाकी ३ ते १६ असेल तर मूलद्रव्य खालच्या पट्टीत जातं. त्याहून जास्त असेल तर १४ वजा करा. सोनं ७९: ५४ वजा केले, उरले २५, त्यातून १४ गेले, गण ११. पारा ८० गण १२ मध्ये, शिसं ८२ गण १४ मध्ये. युरेनिअम ९२ वजा ८६ म्हणजे ६, तेव्हा ते खालच्या पट्टीत.

सोनं, चांदी आणि तांबं (२९ वजा १८, गण ११) एकाच रकान्यात एकाखाली एक आले, हे लक्षात आलं असेल. नाणी आणि दागिन्यांसाठी माणसाने फार पूर्वी निवडलेले तिन्ही धातू वजाबाकीने एकाच गणात सापडतात.

या रीतीने किमान तीस धातू स्वतः भरा. यादीत बघून घर भरणं आणि हिशोब करून भरणं यात फरक पडतो. हिशोब केलेलं घर लक्षात राहतं.

पायरी ३: धातू आणि अधातूंमधली नागमोडी रेषा ओढा

बोरॉनच्या घराच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर पेन्सिल ठेवा. एक घर खाली या, मग एक घर उजवीकडे, पुन्हा खाली, पुन्हा उजवीकडे, असं करत पोलोनिअम आणि ॲस्टॅटिन यांच्या मधून खाली उतरा. रेषेच्या डावीकडचं सगळं, एक हायड्रोजन सोडून, धातू. हायड्रोजन पहिल्या गणाच्या डोक्यावर बसतो, कारण त्याच्या बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो. पण तो वायू आहे, धातू नव्हे. रेषेला चिकटून असलेली बोरॉन, सिलिकॉन, जर्मेनिअम, अर्सेनिक, अँटिमनी आणि टेल्युरिअम ही धातुसदृश. त्यांना वेगळा रंग द्या. ॲल्युमिनिअमही रेषेला टेकतं, पण ते धातूच. सीमेवर असल्याची खूण त्याच्यातही आहे: त्याचं ऑक्साइड आम्लातही विरघळतं आणि अल्कातही.

ही रेषा उभी का नाही, तिरपी का, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. धातू म्हणजे बाहेरचे इलेक्ट्रॉन सहज सोडून देणारं मूलद्रव्य. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकातला धनप्रभार वाढतो पण कवच तेच राहतं, म्हणून इलेक्ट्रॉनांवरची पकड घट्ट होते आणि अणू लहान होतो. लिथिअमची अणुत्रिज्या १५२ पिकोमीटर, तर त्याच ओळीतल्या ऑक्सिजनची ६६. गणात वरून खाली जाताना कवचं वाढतात, बाहेरचा इलेक्ट्रॉन लांब जातो, पकड सैल होते. उजवीकडे गेल्याने धातूपण कमी होतं आणि खाली गेल्याने वाढतं, म्हणून एक घर उजवीकडे आणि एक घर खाली गेलं की दोन्ही परिणाम जवळपास फिटतात. रेषेचा तिरपेपणा त्यातून आला.

चौदाव्या गणात वरून खाली बोट फिरवा. कार्बन अधातू, सिलिकॉन आणि जर्मेनिअम धातुसदृश, कथील आणि शिसं धातू. एकाच रकान्यात तुम्ही रेषा ओलांडून गेलात. कथील रेषेच्या किती जवळ आहे ते थंडीत दिसतं: सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या खाली दीर्घकाळ राहिलं तर ते चकाकी गमावून करड्या, ठिसूळ रूपात बदलू शकतं, आणि त्या रूपात धातूचे गुण फारसे उरत नाहीत.

पायरी ४: डावे दोन रकाने भरा

पहिल्या गणातले अल्क धातू बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन बाळगतात. सोडिअमचं इलेक्ट्रॉन संरूपण २, ८, १; पोटॅशिअमचं २, ८, ८, १. तो एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारी ऊर्जा सोडिअमसाठी मोलला ४९६ किलोजूल, पोटॅशिअमसाठी ४१९ आणि सीझिअमसाठी ३७६. खाली जाल तसं काम सोपं होतं, आणि पाण्याशी होणारी अभिक्रियाही तशीच भडकत जाते. (हे प्रयोग घरी करायचे नाहीत. प्रयोगशाळेतही शिक्षकांशिवाय नाहीत.) द्रवणांकही उतरत जातात: लिथिअम १८०.५, सोडिअम ९७.८, पोटॅशिअम ६३.५, रुबिडिअम ३९.३, सीझिअम २८.५ अंश. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात सीझिअम बंद नळीत वितळलेलंच राहील.

दुसऱ्या गणात बाहेर दोन इलेक्ट्रॉन. मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, स्ट्राँशिअम, बेरिअम ही मंडळी पहिल्या गणापेक्षा कठीण, जड आणि थोडी सबुरीची. या दोन गणांत गणाचा आकडा हीच संयुजा, म्हणजे बंध जोडताना अणू किती इलेक्ट्रॉन देतो तो आकडा.

पायरी ५: मधले दहा रकाने

इथे पुस्तकं घाई करतात, आणि रोजच्या वापरातले धातू तर इथेच आहेत. तीन ते बारा या गणांतल्या धातूंना संक्रामक मूलद्रव्यं म्हणतात. बारावा गण त्यात धरावा की नाही यावर मतभेद आहेत. यांची गंमत अशी की नवा इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात न जाता आतल्या डी उपकवचात जातो. लोखंड २, ८, १४, २. कोबाल्ट २, ८, १५, २. निकेल २, ८, १६, २. बाहेरचे दोन तसेच राहिले, म्हणून हे शेजारी एकमेकांसारखे वागतात: तिघंही चुंबकाकडे खेचले जातात, तिघंही एकमेकांत मिसळून चांगली संमिश्रं बनवतात. क्रोमिअम (२, ८, १३, १) आणि तांबं (२, ८, १८, १) या दोघांत बाहेर एकच उरतो, कारण अर्धं किंवा पूर्ण भरलेलं डी उपकवच जास्त स्थिर असतं. हे दोन अपवाद तक्त्यावर ठळक लिहून ठेवा.

आतले डी इलेक्ट्रॉनही बंधात भाग घेतात, म्हणून या धातूंच्या संयुजा अनेक असतात आणि क्षार रंगीत असतात. मोरचूद निळा, पोटॅशिअम परमँगनेट जांभळं. जस्ताचं डी उपकवच पूर्ण भरलेलं असल्याने झिंक सल्फेट रंगहीन.

आता सहाव्या आवर्ताच्या ओळीत द्रवणांक लिहा, अंश सेल्सिअसमध्ये: हाफ्निअम २२३३, टँटलम ३०१७, टंगस्टन ३४२२, ऱ्हेनिअम ३१८५, ऑस्मिअम ३०३३, इरिडिअम २४४६, प्लॅटिनम १७६८, सोनं १०६४, पारा उणे ३९. आकडे चढतात, सहाव्या गणात माथा गाठतात आणि उतरत जातात. सहाव्या गणापर्यंत अणूंना एकत्र बांधणारे इलेक्ट्रॉन वाढत जातात; पुढे डी उपकवच भरत येतं, इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागतात आणि बंध सैल पडतात. बल्बची तार टंगस्टनची आणि खोलीच्या तापमानाला द्रव असलेला पारा, दोघं एकाच ओळीत सहा घरांच्या अंतराने. पाऱ्याच्या बाबतीत भर म्हणजे ८० प्रोटॉनांच्या ओढीने अणूतले इलेक्ट्रॉन इतक्या प्रचंड वेगाने फिरतात की सापेक्षतेचा परिणाम दिसतो, बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन केंद्रकाच्या जवळ ओढले जातात आणि शेजारच्या अणूंशी बंध जोडायला फारसे तयार होत नाहीत.

एक सावधगिरी. डाव्या गणांत खाली गेलं की अभिक्रियाशीलता वाढते, पण हा नियम मधल्या भागात लावू नका. अकराव्या गणात पहिला इलेक्ट्रॉन काढायला तांब्याला मोलला ७४५ किलोजूल लागतात, चांदीला ७३१ आणि सोन्याला ८९०. सगळ्यांत खालचं सोनं सगळ्यांत उदासीन.

पायरी ६: खालच्या दोन पट्ट्या

त्या चौदा-चौदा घरांमध्ये लॅन्थनाइड आणि ॲक्टिनाइड श्रेणी भरा, सगळे धातूच. त्या खाली ठेवल्या आहेत त्या फक्त कागद फार रुंद होऊ नये म्हणून. त्यांची खरी जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या गणाच्या मध्ये आहे. युरेनिअम आणि त्याचे सोबती एके काळी मधल्या डी-खंडात मांडले जात. अमेरिकेतल्या ग्लेन सीबॉर्ग यांनी १९४० च्या दशकात त्यांची स्वतंत्र श्रेणी असल्याचं मांडलं, आणि तक्त्याला आजचं रूप आलं.

लॅन्थनाइड श्रेणीत चौदा प्रोटॉन वाढतात आणि चौदा इलेक्ट्रॉन अगदी आत जातात. हे आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट अडवू शकत नाहीत, त्यामुळे अणू आक्रसत जातात. परिणामी झिर्कोनिअम आणि त्याच्या खालचं हाफ्निअम यांच्या अणुत्रिज्या जवळपास सारख्या, सुमारे १६० पिकोमीटर. खनिजांत ही जोडी इतकी एकजीव असते की हाफ्निअम झिर्कोनिअमच्या खनिजात लपून राहिलं आणि १९२३ मध्ये कोपनहेगनला सापडलं. आकार सारखा, वजन मात्र जवळपास दुप्पट: झिर्कोनिअमची घनता ६.५, हाफ्निअमची १३.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर.

पायरी ७: उजवीकडचे धातू

ॲल्युमिनिअम, गॅलिअम, इंडिअम, थॅलिअम, कथील, शिसं, बिस्मथ आणि पोलोनिअम. बहुतेक मऊ आणि लवकर वितळणारे. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कोळशाच्या भट्टीवर तापवलेल्या पितळेच्या पातेल्यावर कल्हई करता येते. संयुजेसाठी गणातून १० वजा करा. पण तळाशी गेल्यावर बाहेरचे दोन एस इलेक्ट्रॉन सुटायला तयार नसतात, म्हणून शिसं चारऐवजी बहुधा दोनच देतं आणि थॅलिअम तीनऐवजी एक.

पायरी ८: धातू मिळतो कसा, तो रंग चढवा

तीन रंग घ्या. पहिला गण, दुसरा गण आणि ॲल्युमिनिअम यांना एक रंग: हे विद्युत अपघटनाने मिळतात. त्यांना इलेक्ट्रॉन परत घ्यायला लावणं कठीण, म्हणूनच ते उशिरा हाती आले. हंफ्री डेव्ही यांनी सोडिअम आणि पोटॅशिअम १८०७ मध्ये वेगळे केले. ॲल्युमिनिअमची स्वस्त रीत १८८६ मध्ये सापडली. मँगनीज, लोखंड, जस्त, कथील आणि शिसं यांना दुसरा रंग: यांच्या ऑक्साइडचं क्षपण, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेणं, कार्बनने होतं. सोनं आणि प्लॅटिनमला तिसरा: हे निसर्गात मोकळे सापडतात. चांदीही काही ठिकाणी तशी मिळते.

चौथ्या आवर्ताच्या ओळीवर आपल्याकडची गावंही लिहिता येतील. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत टायटेनिअमचं इल्मेनाइट, नागपूर आणि भंडाऱ्यात मँगनीज, गडचिरोली आणि गोव्यात लोहखनिज. टायटेनिअम कार्बनने सुटत नाही, कारण कार्बनशी त्याचं कार्बाइड बनतं. म्हणून त्याचं क्लोराइड करतात आणि त्यातला क्लोरीन मॅग्नेशिअमच्या मदतीने काढून घेतात. मॅग्नेशिअम तक्त्यात टायटेनिअमच्या डावीकडे आहे, इलेक्ट्रॉन देण्यात अधिक तत्पर आहे, म्हणूनच हे काम त्याला जमतं.

पायरी ९: न पाहिलेल्या धातूचं भाकीत करा

तक्ता नीट भरला आहे का, याची खरी कसोटी आता. कॅल्शिअम आणि बेरिअम यांच्या मधल्या स्ट्राँशिअमचं घर झाका आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांची सरासरी काढा. अणुवस्तुमान ४०.१ आणि १३७.३, सरासरी ८८.७, प्रत्यक्षात ८७.६. घनता १.५५ आणि ३.५१, सरासरी २.५३, प्रत्यक्षात २.६४. द्रवणांक ८४२ आणि ७२७, सरासरी सुमारे ७८५, प्रत्यक्षात ७७७.

दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये तक्ता मांडला तेव्हा त्यात जागा मोकळ्या सोडल्या, आणि अशाच रीतीने शेजाऱ्यांवरून न सापडलेल्या मूलद्रव्यांचे गुण लिहून ठेवले. ॲल्युमिनिअमच्या खालचा गॅलिअम १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकोक द ब्वाबोद्राँ यांना मिळाला. त्यांनी घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी धातू डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, तरी ती ६ च्या आसपास हवी, नमुना शुद्ध करा, असं कळवलं. शुद्ध नमुन्याची घनता ५.९ भरली.

आता हीच सरासरी अकराव्या गणात लावा. तांब्याची घनता ८.९६, सोन्याची १९.३, सरासरी १४.१. चांदीची प्रत्यक्ष घनता १०.५. भाकीत साफ चुकलं, आणि चुकण्याचं कारण तुमच्याच कागदावर आहे: चांदी आणि सोन्याच्या मध्ये लॅन्थनाइडची चौदा घरं येतात, कॅल्शिअम ते बेरिअम या वाटेत ती येत नाहीत. म्हणून सोनं चांदीच्याच आकाराचं राहून जवळपास दुप्पट जड होतं. पुढे पोटॅशिअम आणि सीझिअम घेऊन रुबिडिअमचं, निकेल आणि प्लॅटिनम घेऊन पॅलेडिअमचं भाकीत करा. आकडे काढण्याआधी प्रत्येक वेळी लिहून ठेवा की ते जुळेल की फसेल आणि का. हे कारण मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर त्या रकान्याचं घोकंपट्टीचं काम उरत नाही.